आधी ट्रायल, मग केक

तिला सगळे वहिनी म्हणतात. नवऱ्याच्या मित्रांनी म्हटलं तर समजू शकतं, पण दूधवालाही वहिनी म्हणतो, तळमजल्यावरचे आजोबा म्हणतात आणि बँकेतली तिच्याच वयाची मुलगीसुद्धा काचेआडून "वहिनी, इथे सही" असं सांगते. अख्ख्या गावाला मिळून एकच भावजय असावी तशी ही बाई. आणि भावजय म्हटली की तिला काहीही सांगता येतं, हे गावाला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही, आणि वहिनीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दुसऱ्यांना वर-खाली नेऊन संध्याकाळी तो धापा टाकत आपला जिना चढतो, तेव्हा खालचे आजोबा न चुकता विचारतात, "काय, आज बंद आहे वाटतं?" तोही न चुकता हसतो.

स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर ओव्हन. फ्रिजचे वरचे दोन कप्पे केकचे, खालचा घराचा. गार पाण्याची बाटली हवी असेल तर नवऱ्याने आधी विचारायचं, मग दार उघडायचं, आणि उघडल्यावर श्वास सोडायचा नाही. क्रीम लावायचं काम मात्र बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर. मशीनचं डोकं टेबलाच्या पोटात दुमडलेलं, वर केकची फिरती तबकडी. खाली पायटा अजून आहे. वहिनी क्रीम लावायला बसली की तिचे पाय आपोआप पायट्यावर जातात आणि काहीही शिवायचं नसताना खाली चाक फिरत राहतं. त्या तालाशिवाय तिचा हात सरळ चालत नाही.

सासूबाईंना गल्लीत कात्रीबाई म्हणायचे. त्यांनी सगळं आयुष्य याच खोलीत बायकांचे कपडे शिवले. आता डोळे साथ देत नाहीत, जीभ मात्र अजून धार लावल्यासारखी आहे.

वहिनी आधी एका मोठ्या दुकानात पैसे घेण्याच्या काउंटरवर उभी असायची. दुकानाच्या मागच्या बाजूला बेकरी होती आणि तिथला म्हातारा भट्टीवाला जेवणाच्या सुट्टीत तिला जवळ उभं राहू द्यायचा. तिथे ती शिकली. भांड्यातून केक काढण्याआधी त्याच्या बुडावर बोटाच्या पेराने टकटक करायची सवयही त्याचीच. दार वाजवल्यासारखं वाजवायचं आणि आतून कोरडा आवाज आला की समजायचं, मंडळी तयार आहेत. पुढे तिने नोकरी सोडली. घरात ठरलं होतं की वर्षभर बघू. जमलं तर उत्तम, नाही तर काउंटर आहेच. दुकानाचा मॅनेजर दर दोन-तीन महिन्यांनी फोन करायचा, "वहिनी, जागा ठेवलीये हं." त्याच्याकडे उभं राहून रोज शंभर माणसांची माफी मागावी लागायची. सुट्टे नाहीत, माफ करा. मशीन बंद आहे, माफ करा. वहिनीला परत जायचं नव्हतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण चाक फिरत असताना तिचं तोंड पाहिलं की कळायचं.

अडचण हाताची नव्हती. अडचण तोंडाची होती.

वहिनी ज्या घरात वाढली तिथे कुणी कुणाला नाही म्हणत नसे. पाहुणा उठला की "बसा ना", आणि पाहुणा बसला की "जेवूनच जा". तेच वळण लागलेलं. गिऱ्हाइकाने केक विचारला की ती फोनवर कोटेशन पाठवायची. वर चव, वजन, किंमत आणि खाली अटी. त्या अटी अशा:

केक घरी येऊन न्यावा, अगदीच जमत नसेल तर मी पोचवते.

बदल दोन दिवस आधी कळवावा, अगदीच आयत्या वेळी सुचलं तर फोन करा.

अर्धे पैसे आधी द्यावेत, अगदीच अडचण असेल तर नंतर चालतील.

लोक अटी वाचत नाहीत म्हणतात ते खोटं आहे. लोक अटी नीट वाचतात, फक्त शेवटाकडून. गावात एकाएकी कुणालाच अगदीच जमेनासं झालं. वहिनी हातात खोकं घेऊन तीन मजले उतरायची, रिक्षा करायची, आणि दुसऱ्याच्या घरचे आणखी चार मजले चढायची. वर "आलीच आहेस तर मेणबत्त्या पण लाव" हेही व्हायचं. एकीने गुलाबी क्रीम पूर्ण लावून झाल्यावर फोन केला की निळं बरं दिसेल. वहिनीने गुलाबी खरवडून काढलं, निळं केलं, आणि वर म्हणाली, "नाही हो, त्रास कसला." ते खरवडलेलं गुलाबी क्रीम घरात आठवडाभर पावाला लावून खाल्लं गेलं.

"भीड ही भिकेची बहीण," सासूबाई पावाचा तुकडा मोडत म्हणाल्या. "फार लाडकी दिसते तुझी."

नवऱ्याला बायकोची दया आली आणि त्याने मदत करायचं ठरवलं. इथे सगळ्यांनीच सावध व्हायला हवं होतं. एका रविवारी तो कंपनीच्या करारनाम्याची प्रत समोर ठेवून बसला. त्याचं म्हणणं असं की अटी कशा लिहायच्या हे लिफ्टवाल्यांकडून शिकावं, जगात त्यांच्याइतकं सांभाळून कुणी लिहीत नाही. त्याने "उद्वाहक" जिथे असेल तिथे "केक" घातलं, बायकोला वाचूनही न दाखवता तिच्या फोनवरून पाचसहा गिऱ्हाइकांना पाठवलं, आणि समाधानाने झोपला.

दुपारी उत्तरं येऊ लागली. वहिनीने उघडून पाहिलं. केकवर निर्धारित क्षमतेपेक्षा अधिक भार टाकू नये. केकमध्ये बिघाड आढळल्यास ग्राहकाने स्वतः दुरुस्तीचा प्रयत्न करू नये. लहान मुलांना केकसोबत एकटे सोडू नये. आग लागल्यास केकचा वापर टाळावा, जिन्याचा वापर करावा.

कुणी विचारलं, केक मध्येच अडकला तर घंटा कुठे आहे. कुणी कळवलं, जिन्याचा वापर करून येत आहे. वहिनी आधी रडकुंडीला आली, मग पोट धरून हसली, आणि हसताना पुन्हा थोडी रडली. नवरा मात्र शेवटपर्यंत हटला नाही. "यात चूक काय आहे ते दाखव. मुलांना केकसोबत एकटं सोडावं का? आग लागली तर काय वापरायचं, केक?"

हसण्यावारी गेलं म्हणेपर्यंत चष्मेवाल्याचं प्रकरण झालं.

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्याने मुलाच्या वाढदिवसाचा केक मागवला आणि, नवल म्हणजे, तो स्वतः न्यायला आला. वहिनीला इतका आनंद झाला की तो कशावरून आलाय हे तिने पाहिलंच नाही. चष्मेवाल्याने खोकं मोटरसायकलच्या मागे दोरीने करकचून आवळलं, सिलिंडर बांधतात तसं, आणि गेला. घरी खोकं उघडलं तर आत पावसाने भिंत पडावी तसा केक. माणूस वाईट नव्हता. त्याची मनापासून खात्री होती की केकच कच्चा होता. त्याने फोटो काढला आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकला: "वहिनींकडून ही अपेक्षा नव्हती."

वहिनीने त्याला दुसरा केक करून दिला आणि स्वतः पोचवला. तिला वाटलं मिटलं. पण दुसरा केक बघायला ग्रुप नव्हता, पहिला मात्र सगळ्यांच्या खिशात होता. फोन येईनासे झाले. ओव्हनवर फडकं पडलं, आणि त्या फडक्यावर एक दिवस नवऱ्याने बिनदिक्कत आपलं हेल्मेट ठेवलं. नेमका त्याच आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. वर्ष संपत आलं होतं.

"बघते," वहिनी म्हणाली. "अगदीच वाटलं तर कळवते."

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. फोन ठेवल्याचा आवाज आला तशा त्या म्हणाल्या, "सूनबाई, मी ब्लाउज कसा द्यायची?"

"शिवून."

"शिवून नाही. आधी टाचून. कच्चे टाके घालायचे, बाईला घालायला लावायचा. आणि नुसतं उभं नाही राहू द्यायचं. उभ्या माणसाला सगळेच कपडे येतात. म्हणायची, वाक. हात वर कर. खाली बस. पोराला उचलल्यासारखं कर. कुठे ओढतंय ते तिचं तिला कळायचं, मग पक्की शिलाई. तू काय करतेस? पक्कं शिवून हातात देतेस आणि ती बाई रस्त्यात जाऊन वाकते."

"आई, केकची कसली ट्रायल? अर्धा केक देऊ?"

"ते तुझं तू बघ. मी शिंपीकाम केलंय, हलवाईकाम नाही."

वहिनी दोन दिवस त्याच विचारात होती. तिसऱ्या दिवशी तिने केकचं एक रिकामं खोकं घेतलं. त्यात केकच्या वजनाइतक्या मैद्याच्या पिशव्या दाबून बसवल्या, आणि सगळ्यात वर एक स्टीलची वाटी. वाटीत काठोकाठ वाळलेले पांढरे वाटाणे. खोकं जरा कलंडलं, हिसका बसला, की वाटाणे सांडणार. गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी हे खोकं न्यायचं, ज्या गाडीने केक जाणार त्याच गाडीने आणि त्याच रस्त्याने, आणि तसंच परत आणून दाखवायचं.

मग ती अटी लिहायला बसली. हे काम वाटाण्यांपेक्षा अवघड निघालं. "केक घरी येऊन न्यावा" एवढं लिहून झालं की बोट थबकायचं, आणि फोनच खाली आपणहून शब्द पुढे करायचा: अगदीच. त्याला हात लागला की पुढे जमत, पुढे नसेल, पुढे तर. वर्षभरात फोनलाही भीड लागली होती. तिने पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी उरलं ते असं:

केक घरून न्यावा लागेल. आदल्या दिवशी खोक्याची ट्रायल होईल. वाटाणे सांडले तर गाडी बदलावी लागेल, नाही तर केक मिळणार नाही. क्रीम फेटल्यावर बदल नाही.

"उद्धट वाटतं का हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आगीचं काहीच नाही यात," नवरा म्हणाला.

पहिलं खोकं पाळणाघराच्या बाईंनी नेलं. त्यांना चष्मेवाल्याचं माहीत होतं आणि त्याची मोटरसायकलही माहीत होती. दुसऱ्या दिवशी त्या जिना चढून आल्या त्याच ओरडत, "मोजून घ्या, एक दाणा पडला नाही." वहिनीने वाटाणे कधीच मोजले नव्हते, पण तिने मान डोलावली. पाळणाघराच्या बाईंनी मुलांना न्यायला येणाऱ्या प्रत्येक आईला ही गोष्ट सांगितली. एका आईने खोकं नेलं, तिचे मूठभर सांडले, तेव्हा तिने हट्टाने भावाची गाडी आणून पुन्हा ट्रायल दिली. ज्यांना अट वाटेल अशी वहिनीला भीती होती, त्यांना ती चुरस वाटत होती. फडकं ओव्हनवरून निघालं. पण हे सगळे बाहेरचे. बाहेरच्यांना नियम सांगणं म्हणजे पाण्यात पाय सोडून बसणं. पोहता येतं की नाही ते अजून दिसायचं होतं.

मग ताई आली.

ताई म्हणजे वहिनीची नणंद, कात्रीबाईंची थोरली लेक. बोलणं आईचं, पण आईला कुठे थांबायचं ते कळायचं. तिच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला हॉल, दोनशे माणूस, आणि तीन मजली केक. ताईने सगळं ठरवूनच आणलं होतं, रंगसुद्धा. वहिनीच्या डोळ्यांपुढे ती दोनशे माणसं उभी राहिली. केक उभा राहिला तर ग्रुपवरचा फोटो लोकांच्या मनातून पुसला जाणार. आडवा झाला तर दोनशे फोटो, आणि सोमवारी काउंटर.

"कशाने नेणार, ताई?"

"आमच्या गाडीने. हे आणतील."

हे म्हणजे दाजी. माणूस गरीब गाय, पण गाडी अशी चालवतो, जणू पोचल्यावर बोलणी बसणार आहेत ती लवकर खाऊन मोकळं व्हावं. वहिनीने कोपऱ्यातलं खोकं उचलून टेबलावर ठेवलं आणि ट्रायलचं सांगितलं.

ताईने खोक्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "मला? मी काय गिऱ्हाईक आहे?"

नवऱ्याला एकदम तहान लागली आणि तो, न विचारताच, फ्रिजकडे गेला. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. त्यांना सुई दिसत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"या घरात लहानाची मोठी झाले मी," ताई म्हणाली. "आणि मला वाटाणे देतेस? बाहेरच्यांसाठी असतात अगं अटी. घरच्यांना काय?"

वहिनीच्या ओठांवर ते आलं होतं. अगदीच जमत नसेल तर, ताई, राहू दे. इतकी वर्षं ते न बोलावता यायचं. तिने मशीनची कड हाताने धरली. खाली पाय पायट्यावर नव्हते, नाही तर चाक फिरलं असतं.

"बाहेरच्यांचा केक पडला तर माझं एक गिऱ्हाईक जाईल," ती म्हणाली. "तुमचा पडला तर तुमच्या सासरी तुमच्या माहेरची वस्तू पडेल. तुम्हीच जन्मभर ऐकाल. खोकं न्या, ताई. वाटाणे राहिले तर केक."

पुढे काहीच आलं नाही. वाक्य तिथेच संपलं. वहिनी स्वतःच जरा दचकली.

ताई आईकडे वळली. "आई, ऐकतेस ना तू?"

"ऐकतेय की," सासूबाई सुईवरून मान न उचलता म्हणाल्या. "तुझ्या लग्नातल्या ब्लाउजची ट्रायल तीनदा घेतली होती मी. तेव्हाही अशीच फुगली होतीस. पण फोटोत बघ, कुठे चुणी आहे का."

ताई चहा न घेता गेली. खोकं टेबलावरच राहिलं. ते तिथे दोन दिवस होतं आणि वहिनी त्याच्याभोवतीने झाडू मारत होती. नवरा म्हणाला, अगं, फोन करून टाक, बहीण आहे माझी. वहिनी म्हणाली, तुमची बहीण आहे तर तुम्ही करा. त्याने फोन हातात घेतला, थोडा वेळ पाहिला, आणि चार्जिंगला लावला.

तिसऱ्या दिवशी दाजी आले. दारातूनच, चप्पल न काढता म्हणाले, "ते वाटाण्यांचं काय ते द्या." खोकं बगलेत मारू लागले तेव्हा वहिनीने ते त्यांच्या दोन्ही हातांत आडवं ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आधी ताईचा फोन आला. आवाजात शिळं फुगणं होतंच, वर विजय होता. "हॉलपर्यंत जाऊन आलं तुझं खोकं. एक दाणा हलला नाही. हे आणून देतायत, बघून घे. उगाच वेळ घालवलास माणसाचा."

मागोमाग दाजी जिना चढून आले. वहिनीने खोकं टेबलावर घेतलं, झाकण काढलं. वाटी काठोकाठ भरलेली होती.

तिने त्यातला एक दाणा उचलला आणि दोन बोटांत फिरवला. मग दुसरा. खोक्यातून वाटाणे गेले होते. परत आले होते ते काबुली चणे. प्रत्येकाला आपलं छोटंसं नाक.

सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. नवरा कामावर होता. दाजी छताकडे बघत उभे होते, लिफ्टमध्ये अनोळखी माणसं आकड्यांकडे बघतात तसे.

"दाजी, बसा," वहिनी म्हणाली. "वळण कुठलं होतं?"

दाजींनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. "पेट्रोल पंपापुढचं," ते हळूच म्हणाले. "कुत्रं आलं मध्ये. म्हणजे कुत्रं नंतर आलं, मी आधीच जोरात होतो. सगळी गाडी वाटाणे. सीटच्या खाली, मॅटच्या खाली. अजून सापडतायत. मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. म्हटलं, ते गोल, पांढरे, वाळलेले द्या."

"आणि त्याने हे दिले."

"मला काय कळतंय? मी शिजलेलेच बघतो." त्यांनी घाम पुसला. "तिला नका सांगू. ती आधीच म्हणत होती, माझ्या माहेरी मला खोटं पाडायला निघाली म्हणून. तिला कळलं की सांडले, तर..." तर काय ते त्यांनी हाताने हवेत काढून दाखवलं. मोठं काहीतरी होतं.

वहिनीच्या हातात त्या वेळी सगळं होतं. एक फोन केला असता की ताई आयुष्यभर गप्प. नणंदेला गप्प करायची संधी देव रोज देत नाही. वहिनीने चण्याची वाटी उचलली, आत जाऊन डब्यात रिकामी केली आणि वाटाण्यांची नवी पिशवी फोडली.

"नाही सांगत," ती बाहेर येऊन म्हणाली. "पण उद्या पुन्हा न्यायचं. सीटवर ठेवायचं नाही, सीट उतरती असते. मागे खाली, पायाशी. त्याखाली ओला टॉवेल, म्हणजे सरकत नाही. आणि पंपाचं वळण पायी चालल्यासारखं घ्यायचं. मागच्यांना वाजवू दे."

"आणि सांडले तर?"

"तर परवा पुन्हा."

दाजी ऑफिसातून सुटल्यावर परस्पर आले आणि परस्पर गेले. पहिल्या खेपेला थोडे सांडले, ते त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं. आणलेलं खोकं त्यांनी असं धरलं होतं, जणू आत बाळ झोपलंय. पुढच्या खेपेला ते जिन्यातून वर येताना खालच्या आजोबांनी काहीतरी विचारलं तर उत्तर न देता, मान न वळवता वर आले. वहिनीने झाकण काढलं. वाटाणेच होते, आणि काठोकाठ होते.

"राहिले," दाजी म्हणाले. परीक्षेत पास झाल्यावर पोरगं म्हणतं तसं.

समारंभाच्या दिवशी केकचे तीन मजले तीन खोक्यांत गेले, हॉलमध्ये जाऊन एकावर एक चढवायचे होते. वहिनी नवऱ्याच्या मागे मोटरसायकलवर बसून दाजींच्या गाडीपाठी निघाली. पेट्रोल पंप आला. दाजींची गाडी इतकी हळू झाली की नवरा म्हणाला, बंद पडली वाटतं. मागे भोंगे सुरू झाले. एक सायकलवाला शीळ घालत गाडीला मागे टाकून गेला. पुढच्या सीटवरून ताईचा हात बाहेर येऊन हवेत काहीतरी विचारत होता, आणि दाजी, ज्यांनी आयुष्यात बायकोच्या हाताकडे दुर्लक्ष केलं नव्हतं, ते फक्त रस्त्याकडे बघत होते. गाडी वळली. वहिनीने नवऱ्याच्या खांद्यात रुतवलेली बोटं सोडली.

केक उभा राहिला. ताईचे सासरे सुरी हातात घेऊन म्हणाले, हा कापायचा की यात राहायला जायचं? दोनशे माणसांनी फोटो काढले. ताई पाहुण्यांमध्ये उभी राहून सांगत होती, "आमच्या वहिनीचा नियमच आहे, आधी ट्रायल मग केक. मलासुद्धा सोडलं नाही. अर्थात आमचं खोकं पहिल्याच दिवशी फुलासारखं गेलं, एक दाणा हलला नाही. विचारा यांना." दाजी वरच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "हो, हो." मग त्यांची नजर वहिनीवर पडली आणि दोघांनीही घाईघाईने केकचा घास तोंडात घातला.

त्या फोटोंनंतर वस्तीच्या ग्रुपवर चष्मेवाल्याने लिहिलं की वहिनींचा केक आता बराच सुधारला आहे. पाळणाघराच्या बाईंनी त्याला तिथेच विचारलं, आणि तुमची दोरी?

नवऱ्याने आता स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कप्पी लावायचं मनावर घेतलंय. केक तिसऱ्या मजल्यावरून दोराने सरळ खाली, गिऱ्हाइकाच्या हातात. सगळं सामान आणलंय, पाटीसुद्धा रंगवलीये आणि पाटीवर आगीचं लिहिलंय. सासूबाईंनी कप्पी चाचपून पाहिली, दोर ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "आधी वाटाणे पाठव."

वर्ष संपलं त्या आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. वहिनी क्रीम लावत होती, पायाखाली चाक चाललं होतं. फोन कानाशी खांद्याने दाबून तिने सगळं ऐकलं. जागा, पगार, बसायला आता स्टूलही मिळणार होतं.

"नाही," वहिनी म्हणाली. "मी येणार नाही."

मॅनेजर वाट बघत राहिला. त्याला वर्षभराची सवय होती, पुढे काहीतरी येतं. काहीच आलं नाही. खालून फक्त चाकाचा आवाज येत होता.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "मग असं करू. पुढच्या महिन्यात दुकानाचा वाढदिवस आहे, केक तुमच्याकडूनच घेऊ. पाठवाल ना दुकानावर? जवळच तर आहे. अगदी पाच मिनिटांवर."

वहिनीने क्रीमची सुरी वाटीच्या काठाला पुसली.

"तुमची गाडी कुठली आहे?" तिने विचारलं. "आदल्या दिवशी खोकं न्यायला या."